सत्तेचाळीस पावलं

गोरेवाड्याच्या तलावामागे, सकाळी सव्वासातला,
मी चौघांच्या हातात एकेक काम दिलं
आणि वर एकेक अट.

नकाशा मोनीश परातेकडे,
त्याने होकायंत्राला हात लावायचा नाही.
होकायंत्र रेहानकडे,
त्याने नकाशात डोकावायचं नाही.
दीक्षांतकडे घड्याळ, पेन, शिक्क्याचं कार्ड.
पावलं मोजायची प्रज्वलाने,
आणि ती मोजत असताना बाकीच्यांनी गप्प.

फोन सगळे माझ्या पिशवीत,
मधूनच थरथरत होते
बाजारात नेलेल्या कोंबड्यांसारखे.

शून्य मैलाच्या गावची पोट्टी ही.
देशाचं मधोमध आमच्याकडे, असं पाहुण्यांना सांगत वाढलेली.
आणि या कागदावर
'तुम्ही इथे आहात' असा ठिपकाच नाही.
"मॅडम, मग आम्ही कुठं आहो?"
ते तर शोधायचं आहे, बाबा.

पहिला झेंडा पळसाखाली, फुलांतच दडलेला.
केशरी कापड केशरी झाडाला बांधलं होतं मी,
तेवढा खोडसाळपणा शिक्षकाला चालतो.
दुसरा मोरीच्या तोंडाशी. तोही सापडला.
तिसऱ्याची ओळ माझ्याच हस्ताक्षरात:
नाल्याच्या वळणापासून साठ अंश,
एकशे चाळीस पावलं.

मी आधीच जाऊन सागाआड उभी.
फेब्रुवारीत सागाखाली लपणं कठीण,
पाय हलला की पान बोंबलतं.
तशीच अवघडून पाहत राहिले.

एकशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.
समोर घाणेरीचं झुडूप.
झेंडा नाही.

"तूनं मोजताना चुकवलं."
"काहून? तूनंच नकाशा उलटा धरला असन."
"सुई हलली याची. याच्या खिशात किल्ल्या आहेत."
रेहानने किल्ल्या काढून दूर फेकल्या,
पुन्हा सुई पाहिली.
सुई होती तिथेच.
दीक्षांत वेळ सांगत राहिला,
जशी काही वेळ कोणी विचारली होती.

मला ओरडावंसं वाटलं: अजून थोडं पुढे!
तोंडात पदर धरतात तशी ओढणी धरली मी.

प्रज्वला मात्र खाली बघत होती,
स्वतःच्या बुटांकडे.
मोठ्या बहिणीचे असावेत, पुढे कापूस कोंबलेले.
मग म्हणाली, हळूच,
"हे पावलं मॅडमचे आहेत.
मॅडम फळ्यापासून दारापर्यंत नऊ पावलात जाते.
मले बारा लागतात."

कोणी मोजलं होतं हे?
कुठल्या तासाला?
मी मान्सूनचे वारे शिकवत होते तेव्हा?

दीक्षांतने तळहातावर पेनाने मांडलं.
एकशे चाळीस गुणिले बारा, भागिले नऊ.
"सत्त्याऐंशी. एकशे सत्त्याऐंशी! अजून सत्तेचाळीस."
मोनीशने नकाशा घडी करून बगलेत मारला,
आणि पहिल्यांदाच तो तिच्या मागून चालला.
रेहान सुई पोटाशी धरून, तिच्या बाजूने.
ती जेवढं टाके तेवढंच टाकत
तीन उंच पोरं,
लग्नात नवरीच्या चालीने चालणाऱ्या करवल्यांसारखी,
आणि कोणी हसत नव्हतं.

सेहेचाळीसवर झेंडा दिसला.
सत्तेचाळीसवर हाताला लागला.

मग असा काही दंगा, की टिटव्या उठल्या,
रेहानच्या किल्ल्या शोधायला सगळे परत धावले,
अर्धा तास घाणेरीत हात घालून
ओरबाडून घेतले,
किल्ल्या सापडल्या,
आणि शिक्का मारायचा राहूनच गेला.

नियमाने तो झेंडा धरला नाही मी.
आठ गटांत आठवे.
बसमध्ये मोनीशने मला कार्ड दाखवून भांडण केलं,
दीक्षांतने तळहात दाखवला, घामाने पुसट झालेला.
नियम म्हणजे नियम, म्हटलं,
आणि खिडकीबाहेर पाहिलं, काटोल नाका येईपर्यंत.

रात्री पुढच्या वर्षीची ओळ लिहायला बसले.
साठ अंश.
पुढे एकशे चाळीस लिहिलं, खोडलं.
मीटर लिहिलं, तेही खोडलं.
उठून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
चालून पाहिलं,
एकदा माझ्या पावलांनी,
एकदा कापूस कोंबलेल्या बुटांच्या.